शेरा आणि खुलासा

संसदेने एखाद्या खात्याला पैसा मंजूर केला, खात्याने तो खर्च केला, आणि त्या खर्चात अमुक ठिकाणी हयगय झाली, तमुक ठिकाणी नियमाला फाटा दिला गेला, असे लेखापरीक्षकाने लिहून दाखविले, म्हणजे राज्यकारभाराचे एक आवर्तन पुरे झाले, अशी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सुशिक्षित माणसाची सामान्यतः समजूत असते. ‘महालेखापरीक्षकांचे ताशेरे’ असा मथळा येतो, विरोधी पक्षाचे पुढारी दोन दिवस त्याचा समाचार घेतात, मंत्रिमहोदय अहवालाचा अभ्यास करण्याचे आश्वासन देतात, आणि तिसऱ्या दिवशी वाचकाचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे वळते. ज्या शिफारशींसाठी हा सारा खटाटोप झाला त्या पुढे कोणाच्या दप्तरात जातात, त्यांना उत्तर कोण देतो, ते उत्तर पुरेसे की अपुरे हे कोण ठरवितो, आणि उत्तर आलेच नाही तर कोणाचे काय बिघडते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या प्रकरणात तेच विचारावयाचे आहे, आणि त्यासाठी भारतीय रेल्वेचे उदाहरण घ्यावयाचे आहे. कारण रेल्वे हे एकाच वेळी सरकारी खातेही आहे आणि व्यापारी धंदाही आहे, तिच्या चाकरीत 12 लाखांच्या आसपास माणसे आहेत, तिच्या मार्गांची लांबी 68,000 किलोमीटरांच्या घरात जाते, आणि तिच्या दप्तरातील चूक पुष्कळदा दप्तरातच राहत नाही, ती रुळावर येते.

प्रथम तपासणाऱ्याचे स्थान पाहू. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद राज्यघटनेच्या 148 ते 151 या अनुच्छेदांनी निर्माण केले असून, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने पदच्युत करता येते त्याच रीतीने, आणि तेवढ्याच अडचणीने, या अधिकाऱ्याला दूर करता येते. 1949 साली घटनासमितीत या पदाची चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही थोर आहेत, असे मत सांगितले होते. ज्याने खर्च करावयाचा त्याच्या मर्जीवर तपासणाऱ्याची भाकरी अवलंबून असू नये, हे तत्त्व आपल्याला परके नाही. पेशवाईत मामलतदाराच्या जोडीला मुजुमदार, फडणीस, दप्तरदार असे जे दरखदार परगण्यात नेमलेले असत, त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि मामलतदाराचा कारभार वाकडा जात असेल तर ती बातमी हुजुरात पोहोचविणे हे त्यांचे कामच होते. मात्र दरखदाराने कळविल्यावर हुजूर एका फटक्यात मामलत काढून घेऊ शकत असे. महालेखापरीक्षकाच्या हाती असला फटका नाही, आणि तो ज्यांना कळवितो त्या संसदेच्याही हाती तो सरळसरळ नाही. तो अहवाल राष्ट्रपतींना सादर करतो, राष्ट्रपती तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेववितात, आणि येथे घटनेची भाषा संपते. त्यापुढचे सारे नियमावली, परिपत्रके आणि वहिवाट यांवर चालते.

रेल्वेचा पैसा हा पूर्वीपासूनच वेगळा जमाखर्च होता. अ‍ॅक्वर्थ समितीच्या शिफारशीवरून 1924 साली रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून विभक्त करण्यात आला, आणि ही व्यवस्था तब्बल नव्वद वर्षांहून अधिक टिकून 2017 साली मोडली. लेखापरीक्षणाची घडीही तशीच स्वतंत्र आहे: प्रत्येक विभागीय रेल्वेच्या मुख्यालयाशेजारी महालेखापरीक्षकांचे कार्यालय असते, मध्य रेल्वेसाठी आणि पश्चिम रेल्वेसाठी ती मुंबईत आहेत, आणि तेथून तपासनिसांची पथके वर्षभर फिरतीवर असतात.

असे एखादे पथक रूळमार्गाच्या देखभालीचा अभियंता बसतो त्या कचेरीत, म्हणजे ज्याला रेल्वेतली जुनी माणसे अजून ‘पी. डब्ल्यू. आय.’च म्हणतात त्याच्या कचेरीत, उतरले म्हणजे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कचेरी बहुधा फलाटाच्या टोकाला, एका बैठ्या इमारतीत. बाहेर काढून टाकलेले स्लीपर आणि गंजलेल्या फिशप्लेटांचा ढीग. आत गँगच्या हजेरीपटापासून तुटलेल्या रुळांच्या नोंदवहीपर्यंत वह्यांची चळत. तपासनीस रूळ मोजीत नाही, तो वह्या वाचतो. रूळ तपासणाऱ्या गाडीची फेरी अमुक महिन्यात व्हावयास हवी होती, ती झाल्याची नोंद कोठे आहे? यंत्र अमुक दिवशी उभे राहिले, ते का? प्रश्न लिहिण्यासाठी तो कागद उभा दुमडतो, डाव्या अर्ध्या भागात आक्षेप लिहितो आणि उजवा अर्धा भाग खात्याच्या उत्तरासाठी कोरा सोडतो. रेल्वेच्या बोलीत या कागदालाच ‘हाफ मार्जिन’ म्हणतात. लेखापरीक्षणाचे सारे तत्त्वज्ञान या कागदाच्या घडणीतच आले आहे असे म्हटले तरी चालेल. डाव्या बाजूला शेरा, उजव्या बाजूला खुलासा. आणि खुलासा भरला गेला की कागद पुरा दिसतो. डावीकडे ज्या रुळाची गोष्ट आहे तो रूळ दुरुस्त झाला की नाही, यासाठी त्या कागदावर तिसरा रकाना नाही.

या अर्ध्या पानातून पुढे तपासणी अहवाल निघतो, त्यातील गंभीर बाबी वेचून मसुदा-परिच्छेद बनतो, तो रेल्वे बोर्डाकडे अभिप्रायासाठी जातो, आणि जे खुलासे समाधानकारक वाटत नाहीत त्यांचेच परिच्छेद अखेर छापील अहवालात येतात. म्हणजे संसदेच्या पटलावर जे येते ते गाळून गाळून उरलेले असते. पटलावर ठेवल्यापासून 4 महिन्यांच्या आत प्रत्येक परिच्छेदावर काय कार्यवाही केली याची टिपणी मंत्रालयाने द्यावयाची असते, आणि ती टिपणी आधी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावयाची असते. लेखापरीक्षक तीवर पुन्हा शेरे मारतो, मंत्रालय ती सुधारून पाठविते, पुन्हा शेरे येतात; या येरझाऱ्यांत 4 महिन्यांची मुदत कागदावर राहते आणि वर्षे सरतात. कोणत्या खात्याकडे किती टिपण्या तुंबल्या आहेत याची गणती अर्थमंत्रालयाचा एक कक्ष ठेवतो, त्यासाठी अलीकडे संगणकावर एक व्यवस्थाही केलेली आहे. परंतु गणती ठेवणे आणि निकाल लावणे ही दोन कामे एक नव्हेत.

निकाल लावण्याचे काम लोकलेखा समितीचे. ही समिती माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या पाठोपाठ 1921 साली जन्मली, आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या संपूर्ण काळात तिचा अध्यक्ष सरकारचा अर्थमंत्रीच असे. म्हणजे ज्याच्या घराची झडती घ्यावयाची तोच पंचांचा मुख्य. राज्यघटना अमलात आल्यावर 1950 साली ती लोकसभेच्या सभापतींच्या नियंत्रणाखाली आली, आणि 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. मिनू मसानी हे त्या प्रघाताचे पहिले मानकरी. तिचे सभासद 22, त्यांपैकी 15 लोकसभेचे व 7 राज्यसभेचे, मुदत एक वर्षाची, आणि मंत्री तिचा सभासद होऊ शकत नाही. रेल्वेचा विषय असेल तेव्हा रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष आपल्या सहकाऱ्यांसह तिच्यापुढे साक्षीला बसतात, आणि महालेखापरीक्षक साहाय्याला समितीच्या अध्यक्षांच्या शेजारी असतात. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोर कंत्राटदार आणि कधीकधी आमदार-खासदारही ताटकळत असतात, त्याला येथे कारण द्यावे लागते, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ होय.

समितीच्या हातून निघणारा दुसरा अहवाल, म्हणजे तिच्या शिफारशींवर सरकारने काय केले हे सांगणारा अहवाल, फारसा कोणी वाचीत नाही. आणि मला तर संसदीय वाङ्मयात याच्याइतके बोधप्रद दुसरे काही वाटत नाही. त्याच्या प्रकरणांची रचना ठरलेली आहे. पहिल्या प्रकरणात समितीचा अभिप्राय, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचे उत्तर पाहून ज्यांचा पाठपुरावा समिती पुढे करू इच्छीत नाही अशा, चौथ्यात जिचे उत्तर समितीला पटलेले नाही आणि म्हणून जी पुन्हा बजावून सांगावी लागत आहे अशी प्रत्येक शिफारस, आणि पाचव्यात ज्यांच्यावर सरकारने केवळ अंतरिम उत्तर दिले आहे अशा. वाचकाने सरळ पाचवे प्रकरण उघडावे. खात्याला नकार द्यावयाचा नसतो आणि काम करावयाचेही नसते तेव्हा ते अंतरिम उत्तर देते. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘संबंधित विभागांना सूचना देण्यात आल्या आहेत’, ‘तत्त्वतः मान्य’, ‘कार्यवाही चालू आहे’: मराठी असो, हिंदी असो वा इंग्रजी, सचिवालयीन शैलीची ही चार रत्ने सर्वत्र सारखीच चमकतात. शिफारशीचा मृत्यू नाकारल्याने क्वचितच होतो. ती मरते ती या उत्तरांनी. समिती दरवर्षी नव्याने निवडली जाते, लोकसभा विसर्जित होते, विषय निवडणारे सभासद बदलतात, आणि ज्याने प्रश्न विचारला होता तो उत्तराच्या वेळी बहुधा त्या खोलीत नसतो. खाते मात्र तेथेच असते.

शिवाय छापील अहवालांतील सारेच परिच्छेद समिती तोंडी साक्षीसाठी घेऊ शकत नाही. वर्षाकाठी मोजके विषय निवडले जातात आणि उरलेल्यांचा निकाल टिपण्यांवरच सोपविला जातो. त्यामुळे एखाद्या अहवालाचे वजन त्यातील मजकुरावर जेवढे अवलंबून असते तेवढेच तो निवडला जाण्याच्या योगायोगावरही असते.

आता एक अहवाल हातात घेऊ. ‘भारतीय रेल्वेतील गाड्या रुळावरून घसरणे’ या विषयावरील महालेखापरीक्षकांचा 2022 चा 22 क्रमांकाचा अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेत ठेवण्यात आला. 2017-18 ते 2020-21 या चार वर्षांत रेल्वेत परिणामकारक म्हणून गणले गेलेले 217 अपघात झाले, आणि त्यांपैकी 163, म्हणजे चारांत तीन, गाडी घसरल्याने झाले, हा त्याचा मूळ मुद्दा. गाडी का घसरते, याची चौकशी रेल्वे स्वतः करतेच. लेखापरीक्षकांनी काय केले, तर लहानमोठ्या घसरणींच्या त्या चौकशांचे 1,129 अहवाल एकत्र वाचले. जे काम रेल्वेतील कोणा एकाच्या टेबलावर कधी एकत्र आले नसते ते त्यांच्या टेबलावर आले. स्थापत्य विभागाकडे बोट दाखविणारी प्रकरणे 422 निघाली, त्यांत 171 रूळमार्गाच्या देखभालीतील उणिवांची आणि 156 रुळांची मापे मर्यादेबाहेर गेल्याची. रूळ तपासणाऱ्या गाडीच्या जेवढ्या फेऱ्या नियमाने व्हावयास हव्यात त्यांत 30 टक्क्यांपासून थेट 100 टक्क्यांपर्यंत तूट आढळली. 100 टक्के तूट याचा सरळ अर्थ असा की काही ठिकाणी ती गाडी फिरकलीच नाही. अपघातांच्या चौकशीचे अहवालसुद्धा 63 टक्के प्रकरणांत मुदतीत वरिष्ठांपुढे गेलेले नव्हते.

रूळ दुरुस्त करणारी महागडी यंत्रे रिकामी उभी का राहतात, याचे जे पृथक्करण या अहवालात आहे ते मुंबईकर वाचकाला विशेष कळेल, कारण रविवारचा मेगाब्लॉक ही त्याच्या आठवड्याची सवयच झालेली आहे. यंत्र रुळावर उतरवावयाचे तर त्या रुळावरची वाहतूक काही तास थांबवावी लागते. हा ‘ब्लॉक’ परिचालन विभागाने द्यावयाचा असतो. परिचालन विभागाचे यश मोजले जाते ते किती गाड्या धावल्या आणि किती माल वाहिला यावर. स्थापत्य विभागाचे यश मोजले जावे ते रूळ किती सुस्थितीत आहे यावर, परंतु सुस्थितीतला रूळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. यंत्रे रिकामी राहण्याच्या कारणांत 32 टक्के वाटा ब्लॉक न मिळण्याचा आणि 30 टक्के ब्लॉकची आखणीच न होण्याचा निघाला, यात म्हणून नवल नाही. ही चूक एखाद्या कामचुकार इसमाची नव्हे; दोन विभागांचे हित एकमेकांविरुद्ध उभे आहे, आणि अशा शिफारशीचे ‘पालन’ एका परिपत्रकाने होत नाही. परिपत्रक मात्र निघते, आणि टिपणीत त्याचा क्रमांक व दिनांक मोठ्या अगत्याने नमूद होतो.

याच अहवालात पैशाची जी कथा आहे ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रेल्वेच्या सुरक्षिततेवर समित्या नेमण्याची परंपरा जुनी आहे: 1962 साली कुंझरू, 1968 साली वांछू, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना 1978 साली न्या. सिक्री, 1998 साली न्या. खन्ना. खन्ना समितीनंतर, आयुष्य संपलेले रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्यासाठी 2001 साली 17,000 कोटी रुपयांचा विशेष निधी उभारण्यात आला आणि त्याचा काही भाग प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार लावून वसूल केला गेला. दहा वर्षांनी डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती बसली. तिने फेब्रुवारी 2012 मध्ये 106 शिफारशी केल्या आणि पाच वर्षांत सुमारे 1 लाख कोटी रुपये लागतील असा अंदाज दिला. रूळ ओलांडताना दरसाल मरणाऱ्या सुमारे 15,000 माणसांची, आणि त्यांतल्या एकट्या मुंबई उपनगरी मार्गावरील 6,000 जणांची दखल घेताना या शास्त्रज्ञांच्या समितीने जी कठोर भाषा वापरली ती सरकारी अहवालांत विरळाच आढळते. या 106 पैकी 68 शिफारशी रेल्वेने पूर्णतः मान्य केल्या, 19 अंशतः, आणि 19 अमान्य केल्या. मला या हिशेबात त्या शेवटच्या 19 बद्दल आदर वाटतो. अमान्य केलेल्या शिफारशीवर वाद घालता येतो, तिचे कारण मागता येते. मान्य केलेल्या शिफारशीशी कोणी भांडत नाही, आणि म्हणूनच ती सुखाने पडून राहू शकते. सुरक्षिततेवर देखरेख करणारे स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण असावे, ही काकोडकर समितीची मध्यवर्ती सूचना. ते प्राधिकरण आजतागायत अस्तित्वात आलेले नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. तीन महिन्यांच्या आत, रेल्वेचा अर्थसंकल्प विलीन झाल्यानंतरच्या पहिल्याच अर्थसंकल्पात, अर्थमंत्री अरुण जेटलींनी ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ जाहीर केला: पाच वर्षांत 1 लाख कोटी रुपये. काकोडकरांनी सांगितलेला आकडाही तोच आणि मुदतही तीच, मधली पाच वर्षे मात्र गेलेली. दरसाल 20,000 कोटींपैकी 15,000 कोटी सरकारी तिजोरीने द्यावयाचे आणि 5,000 कोटी रेल्वेने आपल्या कमाईतून टाकावयाचे, असे ठरले. महालेखापरीक्षकांनी चार वर्षांचा जमाखर्च पाहिला तेव्हा रेल्वेच्या वाट्याच्या 20,000 कोटींपैकी 15,775 कोटी रुपये आलेलेच नव्हते. जे खर्च झाले त्यांत अग्रक्रमाच्या पहिल्या श्रेणीतील कामांचा वाटा 2017-18 मधील 81.55 टक्क्यांवरून 2019-20 मध्ये 73.76 टक्क्यांवर उतरला, आणि अग्रक्रमाबाहेरच्या कामांचा वाटा 2.76 टक्क्यांवरून 6.36 टक्क्यांवर चढला. निवडक महिन्यांच्या पावत्या चाळताना तपासनिसांना प्रवाशांच्या संरक्षेसाठी राखलेल्या या पैशांतून घेतलेली क्रॉकरी, फर्निचर, हिवाळी जाकिटे आणि पाय चेपण्याची यंत्रेही आढळली. वर्तमानपत्रांनी अर्थातच पाय चेपण्याच्या यंत्रावर झडप घातली. त्या यंत्रांनी कोष बुडाला नाही. तो रिकामा राहिला न भरल्याने. पण पंधरा हजार सातशे पंचाहत्तर कोटींची तूट चित्रात काढता येत नाही, आणि जनतेच्या स्मरणात राहिले ते पाय चेपण्याचे यंत्रच.

अहवाल पटलावर येऊन सहा महिने झाले नाहीत तोच, 2 जून 2023 रोजी, ओडिशात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे शेजारच्या मार्गावरील यशवंतपूर-हावडा गाडीवर पडले, आणि जवळजवळ तीनशे माणसे प्राणास मुकली. त्या आठवड्यात हा धूळ खात पडलेला अहवाल एकाएकी सर्व पक्षांच्या हातांत दिसू लागला. येथे न्यायाने बोलले पाहिजे: हा अपघात रूळ खराब असल्याने झाला नाही, आणि घसरणीवरील अहवाल अमलात आला असता तर तो टळला असता असे म्हणण्यास आधार नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या मंडलांत पूर्वी केलेल्या फेरबदलांत आणि जवळच्या फाटकावरील विजेचा अडसर बदलताना केलेल्या तारजोडणीत. पण त्याच चौकशीने आणखी एक गोष्ट नोंदविली. मे 2022 मध्ये त्याच खरगपूर विभागात, बांकडा नयाबाज स्थानकावर, चुकीच्या तारजोडणीमुळे असाच प्रकार घडला होता, आणि त्यानंतर योग्य उपाय झाले असते तर बहानगा घडले नसते. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोड येथेही गाडी भलत्या मार्गावर जाता जाता बचावली, आणि दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या प्रमुख परिचालन व्यवस्थापकाने सिग्नल व्यवस्थेतील गंभीर उणिवांचा इशारा देणारे पत्र वर लिहिले होते. हा इशारा महालेखापरीक्षकाचा नव्हता, संसदेचा नव्हता. खात्यातल्याच एका वरिष्ठाचा होता. म्हणजे शेरा आणि कृती यांमधील ही दरी केवळ परक्या तपासनिसाच्या वाट्याला येते असे मानण्याचे कारण नाही.

सुरक्षा आयुक्तांचे स्थानही येथे सांगण्यासारखे आहे. त्यांचा आयोग रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, आणि त्याच्या मुख्य आयुक्तांची कचेरी लखनौला आहे. रेल्वेने स्वतःची चौकशी स्वतः करू नये, म्हणून 1941 साली ही फारकत करण्यात आली. ती योग्यच होती. परंतु आयुक्ताच्या शिफारशी अखेर जातात त्या रेल्वे बोर्डाकडेच, आणि तेथे त्यांचे तेच होते जे इतरांच्या शिफारशींचे होते.

हा केवळ आपल्या दारिद्र्याचा किंवा दिरंगाईचा परिणाम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे 1978 च्या कायद्याने केंद्र सरकारच्या प्रमुख खात्यांत महानिरीक्षक बसविले असून, मागील ज्या महत्त्वाच्या शिफारशी अद्याप पुऱ्या झाल्या नाहीत त्यांचा निर्देश करणारा अहवाल त्यांना दर सहा महिन्यांनी काँग्रेसपुढे पाठवावा लागतो; आणि काँग्रेसच्या समित्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकाकडून न सुटलेल्या शिफारशींची यादी, त्यांतील पैशाच्या आकड्यासह, अधूनमधून मागवीत असतात. अपघातांची चौकशी करणारे वाहतूक सुरक्षा मंडळ 1967 साली स्थापन झाले. आपल्या शिफारशींची वर्गवारी ते मोठ्या चोखपणे करते: काही ‘बंद, कृती समाधानकारक’, काही ‘उघडी, उत्तर असमाधानकारक’, आणि काही चक्क ‘बंद, कृती असमाधानकारक’. या शेवटच्या वर्गाची मला मोठी मौज वाटते. शिफारस बरोबर होती, ती अमलात आली नाही, आणि आता ती अमलात येण्याची आशा आम्ही सोडली, हे एखाद्या सरकारी संस्थेने आपल्या सहीनिशी लिहून ठेवावे, ही आपल्या पाचव्या प्रकरणातील अंतरिम उत्तरांहून कितीतरी स्वच्छ रीत आहे.

तरी या चोख वर्गवारीनेही वेळ वाचला नाही. 1969 च्या ऑगस्टमध्ये कनेक्टिकट राज्यात डॅरिएन येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन चार माणसे मेली, तेव्हा चालकाची चूक यंत्राने आपोआप सावरावी अशी व्यवस्था करण्याची शिफारस या मंडळाने केली. ती पुढे दशकानुदशके पुन्हापुन्हा केली गेली. रेल्वे कंपन्यांनी खर्चाचे कारण दिले, नियामक खात्याने तंत्रज्ञानाच्या अपरिपक्वतेचे. सप्टेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे मोबाईलवर संदेश पाठविण्यात गुंतलेल्या चालकाने सिग्नल ओलांडला, 25 माणसे मेली, आणि महिन्याभरात काँग्रेसने कायदा केला. कायद्याची मुदत 2015 अखेरची. ती 2018 पर्यंत वाढली, आणि काम पुरे झाले ते 2020 च्या अखेरीस. एका शिफारशीचे आयुष्य 51 वर्षांचे. आपल्याकडे याच हेतूने कोकण रेल्वेने ‘रक्षा कवच’ नावाचे टक्करविरोधी यंत्र तयार केले होते. ते ईशान्य सीमा रेल्वेवर बसवून पाहिले गेले, त्यातील अडचणी पुढे आल्या आणि ते मागे पडले. आणि 2020 साली दुसरीच यंत्रणा ‘कवच’ या नावाने राष्ट्रीय म्हणून स्वीकारण्यात आली. ती आता कुठे मार्गामार्गाने बसविली जात आहे.

खात्याच्या बाजूनेही चार शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर हा न्याय एकतर्फी होईल. लेखापरीक्षक वह्या वाचतो. गाडी चालविण्याचे ओझे त्याच्यावर नसते. रूळ बदला, फेऱ्या वाढवा, ब्लॉक द्या, माणसे भरा, हे लिहिणे सोपे. ज्या मार्गावर दर तीन-चार मिनिटांनी लोकल धावते तेथे चार तासांचा ब्लॉक काढणे म्हणजे काय, हे कल्याण-ठाण्याच्या फलाटावर उभा राहिलेला मनुष्य जाणतो. भाडे वाढवावयाचे नाही, गाड्या वाढवावयाच्या, आणि वाचलेल्या पैशांतून 5,000 कोटी कोषात टाकावयाचे, अशी अपेक्षा ज्या संसदेने धरली तीच संसद पुढे तूट का आली म्हणून विचारते. यात खात्याने स्पष्ट सांगावयास हवे होते की हा पैसा आमच्या कमाईतून निघणार नाही. तसे सांगितले असते तर 2017 सालीच वाद झाला असता, कदाचित आकडा बदलला असता, कदाचित तिजोरीचा वाटा वाढला असता. तसे घडले नाही. आकडा मान्य झाला, आणि चार वर्षे तो न भरता मान्यच राहिला.

2022-23 पासून या कोषाला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली असून सरकारी तिजोरीतून त्यात 45,000 कोटी रुपये यावयाचे आहेत. पहिल्या पाच वर्षांच्या जाहीर आकड्यांत प्रत्येक कामाच्या फलनिष्पत्तीचे मोजमाप नव्हते, ते असावे, ही घसरणीवरील अहवालाच्या शिफारशींपैकी एक होती. नव्या पाच वर्षांत गाडी रूळ तपासावयास किती वेळा गेली, यंत्राला ब्लॉक किती तास मिळाला, आणि कोषाच्या पावत्यांत या वेळी काय निघाले, हे पाहण्यासाठी तपासनिसांची पथके त्याच कचेऱ्यांत पुन्हा उतरतील. तोवर मागील अहवालातील किती परिच्छेदांवर अंतिम उत्तर आले आणि किती अंतरिम उत्तरांवर थांबले, हे कोणाही नागरिकाला विचारता येते.